जाऊ की पाठवू?

दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले, चकल्यांचे ताट निम्मे झाले आणि बोलण्यात जरा खंड पडला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. घरात गाणारी मुलगी असेल तर तिला आतून बोलावणे जाते. "अगं, परवा शाळेत म्हटलंस ते म्हणून दाखव ना काकांना!" मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. ती लाजते, आणि लाजणे म्हणजे होकारच असे आपण धरून चालतो. मग ती गाते. पाहुणे माना डोलावतात, आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरते, आणि कोणीतरी वडीलधारे म्हणतेच, "हिच्या गळ्याचं काहीतरी करायला हवं." काय करायला हवे आणि कोणी करायला हवे, हे त्या वाक्यात नसते. कर्त्यावाचून वाक्य पुरे करता येते ही आपल्या भाषेची एक सोयच आहे. पण ज्या मुलीविषयी ते बोलले जाते तिच्या आयुष्यात पुढे कधीतरी तो कर्ता हजर होतो, आणि बहुधा तो ती स्वतः नसते.

मुलीचा गळा कोणाचा, हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. शेताला मालक असतो, बैलाला असतो. गळ्याला मालक कसला? तो देवाने दिलेला. पण देवाने दिलेल्या वस्तूवर माणसे किती लवकर हक्क सांगू लागतात, आणि तो हक्क परत घ्यायला काय काय करावे लागते, याची साक्ष आपल्याच मुलखातल्या एका मुलीच्या चरित्रात आहे. तिचे नाव शांता आपटे.

तरुण वाचकांनी हे नाव आजोबांच्या तोंडून ऐकले असेल तर ऐकले असेल. तिचा जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. पंढरपूरच्या संगीत विद्यालयात ती गाणे शिकली आणि लहान वयातच पुण्याच्या गणेशोत्सवात गाऊ लागली. घरोघर रेडिओ पोहोचण्यापूर्वीचे ते दिवस. आज दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एखादी पोर रातोरात जशी घराघरांत पोहोचते, तशी त्या काळी गणपतीच्या मांडवातून ती निदान शहरभर तरी पोहोचत असे. भालजी पेंढारकरांनी तिला हेरले, आणि मराठी बोलपट जन्माला आला त्याच १९३२ साली 'श्यामसुंदर'मध्ये ती राधा झाली. वय सोळा. तो बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला.

सोळाव्या वर्षी तिने 'हो' म्हटलेही असेल. पण त्या 'हो'ला कायद्याच्या दरबारी किंमत नव्हती. अठरा वर्षे पुरी न झालेल्या माणसाने केलेला करार हा १८७२च्या करार कायद्याच्या लेखी करारच नव्हे. कायद्याच्या मराठीत अशा मुलाला 'अज्ञान' म्हणतात. हजारोंना डोलायला लावणारी मुलगी अज्ञान, आणि तिच्या वतीने व्यवहार ठरवणारा पालक तेवढा सज्ञान! कायद्याचा हेतू मुलाला जपण्याचा आहे हे मला मान्य आहे. पंधराव्या वर्षी दिलेला शब्द सोळाव्या वर्षी आठवतही नाही, हे शाळामास्तर म्हणून मी रोज पाहतो. पण या जपण्याचा एक परिणाम असा होतो की निर्णय घ्यायची सवय मुलाला लागतच नाही, आणि अठरावे लागले की एका रात्रीत ती लागावी अशी आपली अपेक्षा असते.

पुढे ती प्रभातमध्ये गेली. १९३४ साली 'अमृतमंथन', १९३६ साली 'अमरज्योती', १९३७ साली 'कुंकू', १९३८ साली 'गोपालकृष्ण'. त्या वेळी उसना आवाज घेण्याची प्रथा पुरती रुजलेली नव्हती. पडद्यावर जो गाई तोच खरोखर गात असे. साहजिकच गाणे सुरू झाले की नट खांबासारखा उभा राहायचा, कारण सारा जीव सुरांत गुंतलेला. शांता आपटेने गाताना डोळे, मान, हात हलवायला सुरुवात केली. आज ही गोष्ट सांगण्याजोगीही वाटणार नाही. पण गाणाऱ्या मुलीची नटी होते ती नेमकी याच ठिकाणी होते, असे मला वाटते. गळा एकटाच पुढे जात होता, त्याच्यामागून बाकीची मुलगी चालत आली.

'कुंकू' मी पाहिला तो थिएटरात नव्हे. मी हेमलकशाच्या परिसरात एका गावी मुले शिकवतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या जिथे भेटतात ते भामरागड इथून जवळ; थिएटर मात्र फार लांब. तेव्हा ज्या टेकाडावर नेटवर्क मिळते त्यावर बसून, रविवारच्या एका दुपारी, हातातल्या फोनच्या वीतभर पडद्यावर, अडखळत थांबत मी तो बोलपट पाहिला. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी तो काढला. नीरा नावाच्या पोरक्या मुलीला तिचे नातलग पैशाच्या लोभाने एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. नीरा त्या घरात राहते, पण त्या लग्नाला लग्न मानत नाही. दार लावून घेते. म्हाताऱ्याची भूमिका केशवराव दात्यांची, आणि तीही अशी की त्याचा रागही येतो आणि कीवही. चित्रपटात पार्श्वसंगीत म्हणून नाहीच. घरातले जे आवाज असतील ते. घड्याळाची टिकटिक आहे. नीरा गाते तेव्हा ग्रामोफोनची तबकडी लावून तिच्या साथीने गाते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविताही ती त्यात इंग्रजीत गाते. १९३७ साली मराठी घरात कोंडलेल्या मुलीच्या तोंडी इंग्रजी कविता घालणे हे धाडस होते, आणि ते तिने असे निभावले आहे की टेकाडावर बसलेला माझ्यासारखा मॅट्रिकवाला माणूसही क्षणभर उठून उभा राहिला. (शेजारी चरणाऱ्या शेळ्या दचकल्या, ते वेगळे.)

पण माझ्यातल्या कादंबरीकाराला एक शंका सोडीना. नीराचा तो 'नाही' कोणाचा? कथा आपट्यांची, दिग्दर्शन शांतारामांचे, चाली केशवराव भोळ्यांच्या. पुरुषांनी मिळून एका मुलीसाठी निर्भयपणाची एक सुंदर जागा तयार केली आणि तिला तिथे उभे केले. मला या कारखान्याची ओळख आहे. माझ्या दोन कादंबऱ्यांतल्या नायिका फार निर्भय आहेत, आणि त्यांच्या निर्भयपणासाठी मला एक पैशाचाही खर्च आलेला नाही. वाचकांची पत्रे आली, मी कृतकृत्य झालो. त्या नायिका बिचाऱ्या कागदावरच राहिल्या, त्यांचे काही बिघडले नाही. पण जिवंत मुलीच्या तोंडी आपण 'नाही' घालतो तेव्हा काय होते? संध्याकाळी दिवे विझले, रंग उतरवला की तो 'नाही' स्टुडिओतच ठेवून ती घरी जाते, की एखादा चुकून तिच्याबरोबर बाहेर येतो?

तो बाहेर आला. १९३९ साली करारावरून शांता आपटे आणि प्रभात यांच्यात वाद झाला, आणि ती पुण्याला प्रभातच्या फाटकाशी अन्नत्याग करून बसली. ज्या फाटकातून ती रोज कामाला आत जात असे तेच फाटक. वादात कोणाची बाजू किती खरी होती याचा निवाडा मी करणार नाही. आता दोन्ही बाजू बोलायला उरलेल्या नाहीत, आणि प्रभातने तिला जे घडवले तेही थोडेथोडके नव्हते. मला फक्त ते दृश्य दिसते. फाटकाच्या आत तिच्या 'नाही'ला संवादलेखक होता, प्रकाश होता, हव्या त्या ठिकाणी आणून ठेवलेला कॅमेरा होता. फाटकाबाहेर यांतले काही नव्हते. भूक होती, आणि येणारे-जाणारे बघे होते. गाणेही नव्हते. ज्या गळ्यासाठी सारे जग तिला ओळखत होते त्या गळ्याखाली घास उतरू द्यायचा नाही, एवढेच तिने ठरवले होते. १९६० पासून त्या आवारात सरकारची चित्रपट संस्था आहे, आणि अभिनय शिकायला आलेल्या मुली तिथे रोज जा-ये करतात.

इथून पुढे मला त्यांना 'ती' म्हणवत नाही, शांताबाई म्हणतो. दुसऱ्याच वर्षी, १९४० साली, शांताबाईंनी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'जाऊ मी सिनेमात?' चित्रपटाच्या धंद्यातल्या पिळवणुकीवर त्यात त्यांनी लिहिले आहे. मला त्या नावाने फार विचारात पाडले. त्यातले क्रियापद पाहा. 'मुलींनी सिनेमात जावे काय?' असा निबंध त्या काळी कितीतरी गृहस्थांनी लिहिला असता. 'पाठवू का हिला सिनेमात?' हा प्रश्न कितीतरी बापांनी मनात घोळवला असेल. शांताबाई लिहितात 'जाऊ मी?' प्रश्न तोच, चिंता तीच, कदाचित उत्तरही तेच. पण विचारणारी बदलली. पाठवण्यात एक पाठवणारा असतो आणि एक पाठवलेली वस्तू असते, पत्र किंवा पार्सल यांसारखी. जाण्यात जाणारीला पाय असतात, आणि जे पाय जातात ते परतही येऊ शकतात.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कलावतीच्या आयुष्यातून तुम्ही एका क्रियापदाचा कीस काढला! पण परतीच्या वाटेचा मुद्दा पोकळ नाही. शांताबाईंच्याच आयुष्यात दोन वेळा अशा बायका त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या ज्यांनी वेगळी वाट धरली. १९४१ साली 'सावित्री' हा तमिळ बोलपट निघाला. त्यात सावित्री झाल्या शांताबाई, ही मराठी बाई तमिळ शिकून. आणि नारद झाल्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. सुब्बुलक्ष्मींची पहिली तबकडी निघाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. चित्रपटांनी त्यांना देशभर नेले, आणि १९४५च्या 'मीरा'नंतर त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवून उरलेले सारे आयुष्य गाण्याला दिले. दुसरी भेट १९४६च्या 'सुभद्रा'तली. नायिका शांताबाई, आणि छोट्या भूमिकेत लता मंगेशकर नावाची सतरा वर्षांची मुलगी. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले, घर चालवायचे होते, म्हणून ती तेराव्या वर्षापासून तोंडाला रंग लावत होती. तिला तो रंग आवडत नव्हता. पुढे तिने तो पुसला आणि नुसता आवाज घेऊन निघाली, ती कुठवर पोहोचली हे सांगायला नको. गाणारी नटी झाली, नटी पुन्हा गाणारी झाली, नट-पोर गायिका झाली. तिघींना लहानपणी कोणी ना कोणी पाठवले होते. लताबाईंना तर गरजेनेच पाठवले, आणि गरजेसारखा पाठवणारा नाही; तिच्याशी वादही घालता येत नाही. पण तिघींच्याही आयुष्यात एक दिवस असा आला की पुढची वाट त्यांनी स्वतः ठरवली. शांताबाईंना त्यासाठी फाटकाशी बसावे लागले, एवढाच फरक. १९६४च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पन्नाशीसुद्धा पाहिली नाही.

हे सारे मी एरवी कशाला आठवत बसलो असतो? यंदाच्या श्रावणात एक गृहस्थ माझ्याकडे आले. मूळचे आरमोरीकडचे, आता भामरागडला किराणा दुकान चालवतात. त्यांची मुलगी दहावीत आहे आणि गाते. कशी गाते हे मी लिहिणार नाही. पाहुण्यांपुढे तिला उभे केल्यासारखे होईल. तिचा मामा वडशाला एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: झाडीपट्टीची रंगभूमी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इकडचा संसार. दिवाळी झाली, धान घरात आले की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते, ते थेट होळीपर्यंत. वडशाला कंपन्यांच्या पाट्या ओळीने लागलेल्या असतात. पाचपन्नास कोसांवरून माणसे येतात, मांडवात शेकोटीची ऊब घेऊन पहाटेपर्यंत बसतात. नट-नटी अजूनही स्वतःच्या गळ्याने गातात, पुढ्यात ऑर्गन आणि तबला. २०२३ साली या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळेतसुद्धा पेढे वाटले. तर त्या मामाचे म्हणणे, पोरीने यंदा यावे, पहिल्या अंकात दोन गाणी म्हणावीत, जमले तर धाकट्या बहिणीची भूमिका करावी. नाईटचे पैसे रोख.

गृहस्थ बाकावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीले पाठवू का जी?"

मार्चमध्ये तिची परीक्षा, होळीही मार्चमध्ये. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, आणि त्या एका कागदावर मी आजवर किती दारे उघडली आणि किती दारांशी थांबलो हे मला ठाऊक आहे. माझे उत्तर जिभेवर तयार होते. पण ते उत्तरही 'पाठवू नका' असेच होते, आणि 'पाठवा' काय किंवा 'पाठवू नका' काय, दोन्हींमध्ये ती पार्सलच. म्हणून मी विचारले, "तिला विचारलं?" ते म्हणाले, "तिले का विचारायचं? ते तं लहान हाये."

लहान! २०१७ साली सरकारने बालकामगारांच्या कायद्याखाली जे नियम केले त्यांत चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांविषयी लिहिले आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको, कमाईतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत हवा, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावायचे नाही. मुलाची इच्छा! नियम करणाऱ्यांनी सातआठ वर्षांच्या पोरालाही इच्छा असते असे धरले. आमची ही पंधरा वर्षांची. नियमाच्या दृष्टीने ती मोठी, कराराच्या दृष्टीने अज्ञान, बापाच्या दृष्टीने लहान.

मला याच वेळी आठवण झाली ती आमच्या माडिया पोरींची. रात्री गावात ढोल वाजला की त्या एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफून रांग धरतात आणि रेला गातात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. समोर प्रेक्षक नसतात. जो येतो तो रांगेत शिरतो. टाळ्या नसतात. त्या रांगेतल्या कोणाचा गळा चांगला, हे मला इतक्या वर्षांत नीट सांगता येणार नाही, कारण वेगळा काढून तो कधी कोणी ऐकलेलाच नाही. तिथे गळा कोणाचा हा प्रश्न उठत नाही. शहरातले पाहुणे हे पाहून हरखतात आणि म्हणतात, किती निर्मळ! असेलही. पण एखादीला वाटले की आपण एकटीने गावे, रांग सोडून चार पावले पुढे यावे, तर तिला तिथे जागा नाही. दुकानदाराची ही मुलगी शाळेतल्या माडिया मैत्रिणींकडून रेला शिकली आहे आणि त्या रांगेत ती छान मिसळते. तरीही गणतंत्रदिनाला ती झेंड्याखाली एकटी उभी राहून गायली तेव्हाचा तिचा चेहरा रांगेतला नव्हता. मी शेजारी उभा होतो. ती कोणासाठी गात नव्हती, पण लोक ऐकताहेत हे तिला आवडत होते. त्यात वाईट काय आहे?

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, बापासमोरच. "तुला जायचं आहे का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मले आधी वही पाह्यची हाये, गुरुजी. नाटकात मी का बोलते ते समजलं पायजे."

मामाला निरोप गेला. मामा हसला असावा. कंपनीत नटाला त्याची नक्कल मिळते, म्हणजे त्याची वाक्ये आणि त्याआधीच्या वाक्यांची शेपटे. सगळे नाटक पोरीसोरींना वाचायला द्यायची कोणाला गरज वाटत नाही. त्याने नक्कल पाठवली, चार पाने. तिने ती परत केली. सगळी वही हवी, बाकीचे आपल्याविषयी काय बोलतात तेही वाचायचे आहे, असे तिने बापाकडून कळवले. बाप माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, हे तुमीच शिकवलं." मी शिकवले नव्हते. शिकवले असते तर मला अभिमान वाटला असता.

वही एसटीच्या कंडक्टरच्या हाती आलापल्लीहून आली. परवा शाळा सुटल्यावर तिने मला ती दाखवली. परीक्षा आणि नाटक यांचा हिशेब तिने शेवटच्या पानावर मांडला आहे, किती नाईट करता येतील, कोणत्या महिन्यापर्यंत. गणितात ती तशी कच्ची, पण हा हिशेब बरोबर आहे. दोन्ही गाणी तिला पसंत आहेत. तिसऱ्या अंकात एक प्रवेश आहे, धाकट्या बहिणीचे लग्न ठरते. बाप बोलतो, मोठा भाऊ बोलतो, जमीनदार बोलतो, विनोदी नोकरसुद्धा बोलतो. अडीच पाने. धाकटी बहीण रंगमंचावर उभी आहे. तिथे समासात तिने पेन्सिलीने लिहिले आहे, "इथे मी काहीच बोलत नाही का?" वही मामाकडे परत गेली आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.